पॉवर बँक : जतन, वापर व थकबाकी

प्रस्तुत मार्गदर्शिका महागाव तालुक्यातील सर्व पॉवर बँकधारक, भावी पॉवर बँकधारक आणि दुसऱ्याच्या पॉवर बँकेवर जगणारे नागरिक यांच्यासाठी तयार करण्यात आली आहे. तिसरा वर्ग संख्येनं सर्वांत मोठा, तेव्हा खरी गरज त्यांनाच. पण ते वाचणार नाहीत. वाचायला मोबाईल लागतो आणि त्यांच्या मोबाईलला चार्जिंग नसते.

लेखकाची पात्रता अशी : माझ्याकडे वीस हजारांची पॉवर बँक आहे. वीस हजार रुपयांची नव्हे, वीस हजार एमएएचची. हा खुलासा आधीच केलेला बरा. ती आणली त्या दिवशी बाबांनी "केवढ्याची आणली?" विचारलं, मी तोऱ्यात "वीस हजारची" म्हणालो, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत घरात माझ्याशी कोणी बोललं नाही.

व्याख्या. लाईन असताना जिचा विसर पडतो आणि लाईन गेल्यावर जी रिकामी सापडते, ती पॉवर बँक. ही व्याख्या इतर सर्व घरांना लागू आहे. आमच्या घराला नाही. आमच्या घरची पॉवर बँक बारा महिने तेरा काळ काठोकाठ भरलेली असते, कारण बाबा ती कोणाला वापरू देत नाहीत. स्वतःही वापरत नाहीत. सातबारा, पासबुक आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स ज्या कापडी पिशवीत असतात त्या पिशवीत ती असते. बँक म्हटल्यावर तिची जागा तीच, असं त्यांचं म्हणणं.

नियम पहिला : खरेदी

आकड्याला भुलू नये, वजन बघावं. हा नियम कापूस विकणाऱ्या माणसाला शिकवायची गरज नसावी, पण मोबाईलच्या दुकानात गेलं की आपल्या लोकांचा काट्यावरचा विश्वास उडतो. आठवडी बाजारात मला एकानं एक लाख एमएएचची पॉवर बँक साडेचारशे रुपयांत देऊ केली होती. हातात घेतली तर खोबऱ्याच्या वाटीएवढी हलकी. आता हिशेब बघा. पॉवर बँकेत बहुधा जे गोल सेल असतात त्यांना १८६५० म्हणतात; १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून ते नाव. असा चांगल्यातला चांगला सेल साधारण साडेतीन हजार एमएएचचा आणि वजनाला ४५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक लाखाला असे एकोणतीस सेल लागतील, आणि नुसत्या सेलांचंच वजन सव्वा किलोच्या पुढं जाईल. त्या गृहस्थाची बँक पाव किलोचीही नव्हती. मी तसं म्हणालो, तर तो म्हणाला, "भाऊ, नवीन टेक्नॉलॉजी हाय."

वीस हजारांची खरी बँक साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरते. पण नुसतं वजन बघूनही भागत नाही, कारण वजन भरायला आत वाळू घातलेल्या बँकाही सापडलेल्या आहेत. म्हणून डबीवर बारीक अक्षरात भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, त्याखाली 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावं. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकला की नोंदणी खरी की खोटी ते कळतं. ही तपासणी दुकानदाराच्या समोर करावी. चेहऱ्यावरून अर्धा निकाल तिथंच लागतो.

खुलासा. वीस हजारांच्या बँकेतून वीस हजार निघत नाहीत. पाच हजारांचा फोन चार वेळा भरेल असं समजून मी भांडायला निघालो होतो. तीन वेळाच भरला. आतला सेल असतो ३.७ व्होल्टचा, तेव्हा वीस हजारांचे होतात ७४ वॉट-अवर. बाहेर द्यायचे पाच व्होल्टनं, म्हणून आकडा १४,८०० वर येतो, आणि चढवाचढवीत जी ऊब निघून जाते ती वजा केली की हातात बारा-तेरा हजार. डबीवर 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बहुधा हाच आकडा असतो, फक्त तो वाचायला भिंग लागतं. हे सगळं मी बाबांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये टाकला तं रुई पस्तीस किलोच निघते ना? बाकीची सरकी. मग हे त्याच्यापेक्षा बरंच हाय." चौदा वर्षं गणित शिकवून मला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

नियम दुसरा : भरणा

बँक भरायला जुन्या फोनचा चार्जर लावू नये. एक अँपिअरच्या चार्जरवर वीस हजारांची बँक भरायला सोळा-सतरा तास लागतात, आणि सलग सोळा तास लाईन राहिली असती तर बँक कशाला घेतली असती? अठरा-वीस वॉटचा चार्जर घ्यावा, बँकही तो वेग घेणारी असावी. पाच-सहा तासांत काम होतं. वेगाचा दुसरा शत्रू केबल. बसस्टँडवर मिळणारी पन्नास रुपयांची केबल ही मुळात सुतळी असते, आत तार आहे की नाही हा श्रद्धेचा विषय. केबल जाड आणि आखूड घ्यावी. सी-टाईपची साधी केबल तीन अँपिअरपर्यंत पुरते, फोनला तेवढं खूप झालं. लॅपटॉपला शंभर वॉट द्यायचे तर पाच अँपिअरची, जिच्या टोकात चिप असते ती लागते.

माझी अशी एक केबल होती. पांढरी, सी-टाईप, दोन्ही टोकांना कापडी वेष्टण. तिचा विषय पुढे येईल.

नियम तिसरा : उष्णता

हा नियम बाकी महाराष्ट्रात एका ओळीत संपला असता. आपल्याकडे संपत नाही.

लिथियमचा सेल चार्ज करायचा तर शून्य ते पंचेचाळीस अंशांत करावा असं त्याचे कारखानदार सांगतात. आपला मे महिना चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा. म्हणजे टिनाच्या छपराखाली दुपारी दोन वाजता बँक चार्जिंगला लावली तर सुरुवातीलाच परवानगीची हद्द ओलांडलेली, आणि चार्ज होताना ती आणखी तापते ते वेगळंच. उन्हाळ्यात बँक पहाटे भरावी. मोटरसायकलच्या डिक्कीत, गाडीच्या काचेखाली, ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवू नये. चार्जिंगला लावलेली बँक गादीवर किंवा उशीखाली ठेवू नये, फरशी उत्तम.

आणि उन्हात तर अजिबात ठेवू नये. हे मी मोठ्या अक्षरात लिहून पिशवीला चिकटवलं, कारण घरात बाबा आहेत. ज्यांनी रेडिओचे सेल उन्हात वाळवले ती ही पिढी. मलाही आठवतं : संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी ओसरीच्या कठड्यावर चार सेल कुरड्यांसारखे ओळीनं मांडलेले, कावळ्यानं नेऊ नयेत म्हणून मी राखणीला. आणि ते चालायचे! उन्हानं आतली रासायनिक हालचाल थोडी जोर धरायची आणि मेलेला सेल एखाद्या बातमीपत्रापुरता उठून बसायचा. ते जस्ताचे सेल होते. लिथियमला ऊन दाखवलं की तो उठत नाही, आतून म्हातारा होतो. बाबांना हे पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं. ऐकून त्यांनी बँक माठाच्या तिवईखाली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. तेव्हा पोटनियम : बँक ओल्या फडक्यात ठेवू नये.

नियम चौथा : काय चालतं, काय नाही

आईचा पहिला प्रश्न, "याच्यावर मिक्सर चालते का?" नाही. मिक्सर पाचशे वॉट ओढतो, आमची बँक जास्तीत जास्त बावीस देते. कूलर? नाही. टीव्ही? नाही. "मग हे कायले आणलं?" या प्रश्नावर प्रत्येक पॉवर बँकधारकानं आपलं उत्तर स्वतः शोधावं. माझं उत्तर : पाच वॉटचा यूएसबी पंखा. वीस हजारांच्या बँकेवर तो बारा तास चालतो, म्हणजे मे महिन्यातली एक अख्खी रात्र. ज्या रात्री आईच्या पायथ्याशी तो पंखा लावला त्या रात्रीनंतर मिक्सरचा विषय निघाला नाही.

इंटरनेटच्या डब्याला, म्हणजे राऊटरला, बहुतेक वेळा बारा व्होल्ट लागतात. पाच व्होल्टच्या बँकेवर तो लावणं म्हणजे सिंगल फेजवर थ्री फेजची मोटर लावणं, चालणार नाही. बारा व्होल्ट देणारी बँक आणि तशी खास केबल घ्यावी, नाहीतर राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो घ्यावा.

उलट बाजूनं, फार थोडी वीज लागणाऱ्या वस्तूंना बँक मोजतच नाही. कानातली ती बोंडं, हातातलं घड्याळ. बँकेला वाटतं कोणी लावलेलंच नाही, आणि ती मिनिटभरात झोपते. पुष्कळ बँकांत बटन दोनदा दाबलं की बारीक गिऱ्हाईकांसाठीची खिडकी उघडते.

विमानानं जाणाऱ्यांसाठी : बँक हातातल्या पिशवीत न्यावी, खाली जाणाऱ्या सामानात चालत नाही. शंभर वॉट-अवरपर्यंत, म्हणजे सत्तावीस हजारांपर्यंत, मुभा आहे. महागावला अजून रेल्वेसुद्धा नाही, त्यामुळे हा नियम पुण्याहून सणाला येणाऱ्यांनी वाचावा.

ई-पीक पाहणीला निघताना मात्र बँक विसरू नये. २०२१ च्या पंधरा ऑगस्टपासून आपला पेरा आपणच फोटो काढून नोंदवतो. सोयाबीनमध्ये उभं राहून, जीपीएस लावून, रेंज शोधत शोधत फोन जेवढा दमतो तेवढा कशानंच नाही. रेंज नसलेला फोन टॉवरला हाका मारत राहतो, त्यात बॅटरी जाते. शेतात पोचेपर्यंत फोन विमान मोडवर ठेवावा. विमान नसलं तरी मोड चालतो.

नियम पाचवा : कर्जवाटप

आता मूळ दुखण्याकडे येऊ.

पॉवर बँक ही यवतमाळ जिल्ह्यातली अशी एकमेव बँक आहे जिथं सातबारा, जामीनदार, नो-ड्यूज काहीही न मागता जागच्या जागी कर्ज मिळतं, आणि जिची कर्जमाफी दर वेळी शंभर टक्के असते. मागणारा कधीच "पॉवर बँक दे" म्हणत नाही. तो म्हणतो, "थोडकंसं लावू दे." हे थोडकंसं तीन टक्क्यांवर सुरू होतं आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत संपत नाही. वर तो लावलेल्या फोनवर रील बघत बसतो. म्हणजे फुटक्या माठात पाणी भरायचं, आणि पाणी आपल्या विहिरीचं. फोन तापतो, वेळ दुप्पट लागतो.

यावर मी अनुभवानं काढलेला उपाय आहे. कर्ज पन्नास टक्क्यांपर्यंतच मंजूर करावं. फोनची बॅटरी पहिल्या निम्म्यात भराभर भरते, ऐंशीच्या पुढं मुंगीच्या पावलानं. शंभर करून द्यायच्या वेळात दोघांचे पन्नास-पन्नास होतात. हे शास्त्र आहे. "शास्त्र हाय, भाऊजी," असं म्हणून काढून घ्यावं. भाऊजी रुसले तर रुसू द्यावेत. माझे रुसले नाहीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी परत मागितली.

हिवऱ्याच्या लग्नात मात्र मी शास्त्र विसरलो. मांडवात लाईन गेली, जनरेटर सुरू होईना, फोटो काढणाऱ्या पोरांचे फोन बसले. बाबांच्या पिशवीतून मी बँक चोरून आणली होती. तास-दीड तास माझ्याभोवती जी गर्दी होती ती नवरदेवाभोवती नव्हती. एका टोकाला सी-टाईप, दुसऱ्याला जुना फोन, तिसरा नंबर लावून उभा. मला त्या दिवशी प्रथमच समजलं की मोठं माणूस झाल्यावर कसं वाटतं. गर्दी ओसरली तेव्हा हातात बँक होती, तिचा एक दिवा लुकलुकत होता, आणि केबल नव्हती.

एका दिव्याची बँक घेऊन मी घरी आलो. बाबांनी बटन दाबून पाहिलं. काही बोलले नाहीत. एखाद्यानं मुदत ठेव मोडल्यावर बघतात तसं बघितलं.

नियम सहावा : जतन

वापरायची नसेल तर बँक अर्धी भरून ठेवावी. लिथियमचा सेल अर्धपोटी सुखी असतो. काठोकाठ भरून महिनोन् महिने ठेवला की तो आतल्या आत झिजतो, उष्णतेत जास्तच. तीन महिन्यांतून एकदा थोडी वापरून परत अर्ध्यावर आणावी. बँक फुगलेली दिसली, तव्यावरच्या भाकरीसारखी जरी नाही तरी जराशी, तर तिला दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. उकिरड्यावर किंवा चुलीत तर नाहीच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे; ई-कचरा गोळा करणारा असेल तिथं द्यावी.

हा नियम बाबांना सांगणं फार अवघड गेलं. कारण त्याचा अर्थ असा होतो की दोन वर्षं पिशवीत चारही दिवे पेटते ठेवून, रोज संध्याकाळी बटन दाबून खात्री करून, कोणाला हात न लावू देता त्यांनी जी बँक जपली, ती जपल्यामुळेच मेली. दिवे अजून चार लागतात. फोन आता तीन नाही, दोनच भरतात.

मी थेट बोललो नाही, वळसा घातला. म्हटलं, बाबा, या सेलाच्या शोधासाठी २०१९ साली तिघांना नोबेल मिळालं, त्यातले गुडइनफ साहेब तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. सगळ्या नोबेलवाल्यांत वयानं मोठे. बाबा एकाहत्तरचे. ते म्हणाले, "सत्त्याण्णव? मग मी कायले म्हातारा?" आणि रात्रीच्या ओलिताला निघून गेले. माझा मुद्दा राहिला.

ती पाळी रात्रीची होती. शेतीची थ्री फेज आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाईन येईल तेव्हा उठायचं. शेत धनोड्याच्या रस्त्यानं चार किलोमीटर. डोक्याला बॅटरी, हातात काठी, पायात गमबूट. तिकडं डुक्कर आहे, रोही आहे, आणि गवतात काय काय आहे ते दिवसाही बघू नये. मी बळंच पॉवर बँक त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि केबल जोडून दाखवली. "फोन पंधराच्या खाली आला की लावा." हो म्हणाले.

दीड वाजता फोन लावला. बंद. दोन वाजता बंद. अडीचला मी मोटरसायकल काढली. आई दारात उभी होती, काहीच बोलली नाही, नुसतं स्वेटर अंगावर फेकलं. चार किलोमीटरमध्ये माणसाला जेवढं वाईट सुचू शकतं तेवढं मला सुचलं. या मार्गदर्शिकेत ते देण्याचं कारण नाही.

बाबा बांधावर बसले होते. मोटर चालू, पाणी सरीला लागलेलं, बिडी संपत आलेली.

"फोन काऊन बंद हाय?"

"चार्जिंग संपली."

"अन् पॉवर बँक?"

त्यांनी बंडीत हात घातला. दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून ठेवलेली बँक काढली, बटन दाबलं. अंधारात चार निळे दिवे.

"हे काय. फुल्ल हाय. काळजी नको करू."

मी ओरडणार होतो. खरं तर ओरडलोच. तर म्हणाले, "फोन बसला तं कोणाचाही मागता येते. बँक रिकामी झाल्यावर कोणाले मागाव?"

पाणी पुढच्या सरीत सोडायचं होतं. मी फावडं घेतलं. त्यांचा फोन बँकेला लावला, बांधावर ठेवला, आणि ते सकाळपर्यंत दर दहा मिनिटांनी दिवे मोजत होते. सहा वाजता तीन उरले होते. घरी येऊन त्यांनी आंघोळीच्या आधी बँक चार्जिंगला लावली.

नियम सातवा

बाबांना नियम लागू नाहीत.

जाहीर आवाहन

हिवऱ्याच्या लग्नातून पांढरी, दोन्ही टोकांना कापडी वेष्टण असलेली सी-टाईप केबल जो कोणी घेऊन गेला असेल, त्यानं ती महागाव बसस्टँडसमोरच्या कुठल्याही पानठेल्यावर माझ्या नावानं ठेवून द्यावी. नाव विचारणार नाही. लाईनची पाळी या आठवड्यात परत रात्रीची आहे, आणि सध्याची केबल पन्नास रुपयांची आहे.